सचखंड एक्सप्रेसने ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अमृतसर : गाडीचा आढावा आणि सहलीची आखणी

मराठवाड्यातून उत्तरेकडची ऐतिहासिक शहरं पाहायला निघायचं तर लोक आधी पुण्या-मुंबईच्या विमानांचे दर बघतात. त्याची गरज नाही. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस (१२७१५) रोज सुटते. ग्वाल्हेर, आग्रा आणि दिल्ली ही तिन्ही शहरं तिच्या वाटेवरच आहेत. सहलीचा कणा म्हणून या गाडीला पाचपैकी चार गुण द्यायला हरकत नाही. उरलेला एक गुण कुठे कापला, तेही पुढे येईल.

गाडी नांदेडहून सकाळी साडेनऊच्या सुमारास निघते. परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दुपारी मनमाडकडे जाते. लातूरकरांना परभणी सोयीचं, बीडकरांना जालना किंवा संभाजीनगर. ग्वाल्हेर दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी येतं, त्यानंतर दीड-दोन तासांत आग्रा आणि दुपारी नवी दिल्ली. वेळापत्रकात अधूनमधून बदल होतात, म्हणून निघण्याआधी एकदा ताडून घ्या. संभाजीनगर सोडल्यावर डुलकी काढू नका. दौलताबादचा किल्ला खिडकीतून दिसतो. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी हलवली ती दिल्लीहून इथेच, आणि आपण नेमके उलट्या दिशेने निघालेलो असतो.

या गाडीचं खरं वैशिष्ट्य म्हणजे लंगर. नांदेडचं तख्त सचखंड श्री हजूर साहिब आणि अमृतसरचं हरमंदिर साहिब यांना जोडणारी ही गाडी असल्याने वाटेतल्या काही स्थानकांवर सेवादार प्रवाशांना मोफत जेवण वाढतात. कढी-भात, डाळ, छोले, बटाट्याची भाजी असं काहीतरी असतं, आणि सगळं शाकाहारी. भांडं मात्र आपलंच लागतं. गाडी थांबली की बादल्या आणि पातेली घेतलेली माणसं डब्यांच्या दारांशी, खिडक्यांशी येतात. डबा पुढे करायचा, दोन डाव पडतात, की मागच्याला जागा द्यायची. त्यासाठी रुंद तोंडाचा स्टीलचा डबा घ्या. उथळ ताटली नेली तर गाडी हलली की कढी बर्थवर सांडते. ही सेवा आहे, केटरिंग नव्हे. तेव्हा दुसऱ्यांदा मागताना मागे किती हात पुढे आलेत ते बघावं. वेळी-अवेळी भूक लागते, म्हणून घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी सोबत असू द्या.

आता कापलेला गुण. मराठवाड्यातला बराच लोहमार्ग अजून एकेरी आहे. क्रॉसिंगला गाडी थांबली की वेळ जातोच. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत उत्तरेतलं धुकं त्यात भर घालतं. त्या दिवसांत सकाळचं ग्वाल्हेर दुपारवर गेलं, तर दिवसाचा सगळा बेत कोलमडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च निवडा. थंडीत स्लीपरने जाणार असाल तर पांघरूण घरून न्या, स्लीपरमध्ये चादर-ब्लँकेट मिळत नाही.

निघायचा वार आधी ठरवा, तारीख नंतर. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो, दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी आणि ग्वाल्हेरचं गुजरी महाल संग्रहालयही सोमवारी. म्हणून नांदेडहून सोमवारी निघावं. मंगळवारी ग्वाल्हेर, बुधवारी सकाळी आग्रा, गुरुवारी पहाटे ताज, संध्याकाळी दिल्ली. शुक्रवार-शनिवार दिल्लीत, रविवारी अमृतसरकडे, सोमवार तिथे, मंगळवारी पहाटे परतीची गाडी आणि बुधवारी घर. दहा दिवस होतात. रविवारी निघालात तर संग्रहालय हुकतं, आणि मंगळवारी निघालात तर ताजची सकाळ नेमकी शुक्रवारी पडते.

तिकिटाबद्दल एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत असते. तुकड्या-तुकड्यांत तिकीट काढलं तर एकूण भाडं जास्त पडतं, कारण लांबच्या तिकिटाला किलोमीटरमागे दर कमी लागतो. रेल्वेच्या ब्रेक जर्नी नियमानुसार ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत उतरता येतं. पहिला मुक्काम ५०० किलोमीटरच्या आत घेता येत नाही. १,००० किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एक मुक्काम मिळतो, त्याहून लांबच्या तिकिटावर दोन, प्रत्येकी जास्तीत जास्त दोन दिवसांचे. म्हणजे नांदेड ते नवी दिल्ली एकच तिकीट काढून ग्वाल्हेर आणि आग्रा हे दोन मुक्काम घेता येतात. यासाठी आरक्षण खिडकीवरच जावं लागतं. फॉर्म भरतानाच कुठे उतरणार आणि पुढची गाडी कोणती ते सांगा. उतरलेल्या स्थानकावर तिकिटावर नोंदही करून घ्या. शताब्दी, राजधानीला हे तिकीट चालत नाही. दिल्ली-अमृतसरचं तिकीट वेगळं काढा.

ग्वाल्हेरला लोक ताजच्या वाटेवरचा थांबा समजतात, तेवढंच चुकतं. या सहलीतला सगळ्यात श्रीमंत दिवस हाच आहे. सामान स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर ती घेत नाहीत. ऑटोवाला किल्ल्यावर उरवाई दरवाजाने नेतो, वाटेत कड्यात कोरलेल्या भव्य जैन मूर्ती दिसतात. ऑटो येण्या-जाण्याचा ठरवू नका, फक्त चढायचा ठरवा. वर तेली का मंदिर, सास-बहू मंदिरं आणि राजा मानसिंह तोमर (१४८६ ते १५१६) याचा मान मंदिर महाल पाहा. महालाच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांच्या पट्ट्या आहेत. जवळ जाऊन पाहिलं की त्यात पिवळ्या बदकांची रांग, हत्ती आणि केळीची झाडं दिसतात. तिथून हाथी पोलमधून पूर्वेच्या बाजूने पायी उतरा. ही वाट वाहनांना बंद आहे. तिच्यावरच दगडात कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इ.स. ८७६ च्या लेखात २७० हा आकडा आपल्या आजच्यासारखं शून्य वापरून लिहिला आहे. पायथ्याशी गुजरी महाल. ऑटोने आले तसे परतणाऱ्यांचं हे सगळं राहून जातं. संध्याकाळी फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीचं दर्शन घेता येईल.

आग्र्यात पोचल्या दिवशी किल्ला पाहा. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात आले, ते याच किल्ल्यात. अमरसिंह दरवाजासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. ताजचं दार सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतं. भारतीयांना तिकीट ५० रुपये, मुख्य मकबऱ्यात जायला आणखी २००, आणि १५ वर्षांखालच्या मुलांना मोफत. तिकीट तीन तासांपुरतं असतं. मोठी बॅग, खाण्याचे पदार्थ, तंबाखू, लायटर नेऊ नका. सुरक्षा तपासणीत अडकून रांगेचा फायदा जातो. बीबी का मकबरा पाहिलेल्यांनी एक तुलना जरूर करावी. मकबऱ्यात संगमरवर खालच्या पट्ट्यापुरता आणि घुमटापुरता आहे, बाकी चुन्याचा गिलावा. ताजमध्ये सगळीकडे संगमरवरच. मकबऱ्याचा शिल्पी अताउल्ला हा ताजच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा.

दिल्लीत मेट्रोची पिवळी लाईन पुरेशी आहे, नवी दिल्ली, चांदनी चौक आणि कुतुबमिनार तिन्ही तिच्यावर येतात. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी जामा मशिदीत पर्यटकांना सोडत नाहीत. हुमायूनचा मकबरा चुकवू नका. एक दिवस जास्त असेल तर पानिपतला जा. १७६१ च्या रणाची खूण असलेलं काला आंब शहरापासून जवळच आहे.

अमृतसरला डोकं झाकायला रुमाल सोबत ठेवा. पाकिस्तान सीमेवरच्या अटारीला संध्याकाळी झेंडा उतरवण्याचा सोहळा होतो, त्याला बॅग नेता येत नाही. जालियनवाला बाग हरमंदिर साहिबपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

परतीची १२७१६ अमृतसरहून पहाटे सुटते आणि ग्वाल्हेरला संध्याकाळी येते, म्हणून तिथला मुक्काम जातानाच घ्यायचा. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडतं. परतीची तारीख आठ दिवस पुढची असल्यामुळे तिचं आरक्षणही आठ दिवस उशिरा उघडतं. जाण्याचं तिकीट हातात आलं की लोक निवांत होतात आणि परतीला वेटिंगवर बसतात. त्या दुसऱ्या तारखेचा गजर मोबाईलमध्ये पहिल्याच दिवशी लावून ठेवा.