पहिलं आरसी हेलिकॉप्टर: कोअॅक्सियल, फिक्स्ड पिच की कलेक्टिव्ह पिच?

आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "किती चॅनलचं हवंय?" चॅनल म्हणजे रिमोटवरून वेगळं चालवता येणारं एकेक नियंत्रण. तीन, चार, सहा. आकडा वाढला की किंमत वाढते, यापलीकडे नवशिक्याला त्यातून काही कळत नाही. खरं तर विचारायला हवं ते असं: हे पडल्यावर काय मोडेल, तो भाग मला घरी बदलता येईल का, आणि बदलल्यावर सगळं पुन्हा जागेवर लावता येईल का? कारण ते पडणार आहेच. या हिशेबाने चार प्रकार शेजारी शेजारी ठेवून बघू.

कोअॅक्सियलमध्ये दोन रोटर (फिरते पंखे) एकावर एक असतात आणि उलटसुलट दिशेने फिरतात. सायमाचं एस१०७जी हे यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. दोन्ही रोटरचा पीळ एकमेकांना खोडतो आणि वरच्या रोटरवरची वजनदार दांडी डोलणं आवरते, त्यामुळे शिकाऊ हातातही ते शहाण्यासारखं तरंगत राहतं. लावायचं काही नाही. चार्ज करा, नाक आपोआप वळत असेल तर ट्रिमने, म्हणजे रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीच्या बटणाने, थांबवा, झालं. पण एस१०७जीला बाजूला सरकताच येत नाही आणि रिमोट इन्फ्रारेडचा असल्याने उन्हात तो दगा देतो. पुतण्याच्या वाढदिवसाला हेच घ्या. स्वतःला शिकायचं असेल तर हे पैसे राखून ठेवा.

फिक्स्ड पिचमध्ये खरं हेलिकॉप्टर दिसायला लागतं: वर एकच रोटर, मागे शेपटीचा पंखा, चार चॅनल. डब्ल्यूएलटॉइजचं व्ही९११एस या वर्गातलं. ब्लेडचा कोन कायमचा ठरलेला असतो, वर जायचं तर रोटरचा वेग वाढवायचा. तोल सांभाळायला आत जायरो, म्हणजे वळणं-कलणं ओळखणारा सेन्सर, असतो. वजन इतकं कमी की भिंतीवर आपटलं तरी बहुतेक वेळा उचलून पुन्हा उडवता येतं. कामं दोनच: बॅटरी जोडल्यावर जायरो जुळेपर्यंत ते सपाट जागी न हलवता ठेवायचं, आणि पडल्यावर रोटरखालच्या लिंका (जोडकाड्या) निसटल्या नाहीत ना ते बघायचं.

कलेक्टिव्ह पिचमध्ये रोटरचा वेग जवळजवळ स्थिर राहतो, थ्रॉटलच्या (वर-खाली नेणाऱ्या) स्टिकसोबत ब्लेडचा कोन, म्हणजेच पिच, बदलतो. एक्सकेचं के११० हे यातलं छोटं, सहा चॅनलचं, एका सेलच्या बॅटरीवर चालणारं. मुख्य मोटर ब्रशलेस (आत घासणारे ब्रश नसलेली), शेपटीला स्वतंत्र छोटी मोटर.

फिक्स्ड आणि कलेक्टिव्ह पिचमधला फरक वाऱ्यात कळतो. फिक्स्ड पिचला झुळूक लागली की ते वर उचललं जातं. थ्रॉटल कमी करावं तर रोटर मंदावायला वेळ लागतो, आणि मंदावला की एकदम खाली बसतं. तेवढ्यात ते शेजारच्या इमारतीच्या सज्जात पोचलेलं असतं. कलेक्टिव्ह पिच त्याच झुळकेत स्टिक किंचित खाली घेताच जागेवर दाबून धरता येतं. मात्र तीच ताकद उलटीही लागते. घाबरून स्टिक खाली ओढायची सवय असेल तर ऋण कोनातलं, म्हणजे खाली ढकलणारं, ब्लेड त्याला अख्ख्या जोराने जमिनीवर आपटतं. म्हणून मोटर तत्काळ बंद करणारं थ्रॉटल होल्डचं बटण कुठे आहे हे बोटांना आधी माहीत हवं. पडतंय असं वाटलं की आधी होल्ड, मग हळहळ. मोटर चालू राहून ब्लेड जमिनीत अडकलं तर गिअरचे दात जातात.

चौथा पर्याय म्हणजे अलाइन टी-रेक्स ४५०च्या मापाचं मोठं कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर, बरेचदा सुट्या भागांचं किट म्हणूनच मिळणारं. "लहान चंचल असतं, मोठं घे, स्थिर उडतं" हा सल्ला तुम्हाला मिळेलच. तो खोटा नाही. पण ३२५ मिलिमीटरची ब्लेडं मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांनी फिरली तर टोकाचा वेग ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर जातो. हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडवायची गोष्ट नाही. मोकळं मैदान आणि सोबत जाणता माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

शिवाय ते लावण्यातच बराच वेळ जातो. सुरुवात मोटरच्या तारा सोडवून करायची, म्हणजे चुकून थ्रॉटल गेलं तरी बोटं शाबूत राहतात. मग थ्रॉटल मध्यावर ठेवून ब्लेडचा कोन बदलणाऱ्या तिन्ही सर्व्होंचे (छोट्या मोटरींचे) हात लिंकशी काटकोनात बसवायचे. हात एक दाता इकडे-तिकडे बसला तरी कोन चुकतो, उरलेला फरक रेडिओच्या, म्हणजे रिमोटच्या, सबट्रिम सेटिंगने काढायचा. स्वॉशप्लेट (सर्व्होंची हालचाल ब्लेडपर्यंत नेणारी तबकडी) सपाट झाली की ब्लेडवर पिच गेज (कोनमापक) लावून मध्यावर शून्य अंश येतो का ते बघायचं. शिकताना वरच्या टोकाला नऊ-दहा अंश पुरतात, खाली उणे दोनच्या पलीकडे जायची गरज नाही. थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) फक्त धातूत जाणाऱ्या स्क्रूंना, प्लास्टिकला नको. शेवटी जायरोची दिशा: नाक हाताने डावीकडे ढकललं तर शेपटीच्या ब्लेडांनी नाक उजवीकडे आणायला हवं. हे उलटं असेल तर उडताक्षणी ते भोवऱ्यासारखं फिरतं.

के११०मध्ये यातलं बहुतेक कारखान्यातून लावून येतं, पण पडल्यावर तुम्हालाच लावायचं असतं. मुख्य दांडा वाकला की सगळं अंग थरथरतं. ब्लेडं एका पातळीत फिरतात का ते पाहायला एका ब्लेडच्या टोकाला रंगीत टेप लावा आणि लांब बसून, डोळ्यांच्या रेषेत बघा. दोन वेगळ्या कडा दिसल्या तर वर चालणाऱ्या ब्लेडची लिंक फिरवता येणारी असेल तर थोडी फिरवून ते खाली आणा. ही हातोटी छोट्यावर स्वस्तात येते, मोठ्यावर महाग पडते.

माझा कल असा: मैदान लांब आहे आणि सुट्टी फक्त रविवारची असेल तर व्ही९११एस. घरात, पार्किंगमध्ये, पावसाळ्यात जिन्याखालच्या मोकळ्या जागेतही हात चालू राहतो. छंद लागणार याची खात्री असेल तर सरळ के११०, पण सुरुवात आपोआप समतल होणाऱ्या सहा अक्षांच्या मोडवर. फिक्स्ड पिच घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये हा जुना नियम आता मला पटत नाही, कारण मधली पायरी सिम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरवरचा उडवण्याचा सराव, भरून काढतो.

म्हणून हेलिकॉप्टरच्या आधी रेडिओ घ्या. सोबत येणारा रिमोट एका मॉडेलपुरताच असतो. रेडिओमास्टरसारखा, मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल (वेगवेगळ्या कंपन्यांच्या संदेशभाषा, म्हणजे प्रोटोकॉल, बोलणारा भाग) असलेला रेडिओ के११०शी एस-एफएचएसएस प्रोटोकॉलवर जोडता येतो, व्ही९११एसशीही जुळतो, आणि यूएसबीने लॅपटॉपला लावला की त्याच्यावरच सिम्युलेटर चालतो. शेपटी आपल्याकडे ठेवून एका जागी तरंगणं तिथे पक्कं करा. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं, ते अंगवळणी पडेपर्यंत जितक्या वेळा पाडायचं तितक्या वेळा पडद्यावर पाडा.

परदेशातून मागवणार असाल तर एक लक्षात ठेवा: फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, आणि रोटर असलेली वस्तू कस्टममध्ये अडकू शकते. इथल्याच दुकानातून घेणं सोपं. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो वर्गात मोडतं, व्ही९११एस आणि के११० दोन्ही त्यात सहज बसतात. तरी पुण्यात लोहगाव किंवा एनडीएच्या आसपास राहणाऱ्यांनी बाहेर उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा ड्रोन उड्डाणाचा नकाशा बघावाच.

सुटे भाग पहिल्याच बिलात घ्या: ब्लेडच्या दोन जोड्या, मुख्य दांडा, फेदरिंग शाफ्ट (दोन्ही ब्लेडं ज्यावर बसतात तो आडवा दांडा), मुख्य गिअर, आणखी तीन-चार बॅटऱ्या. के११०च्या शेपटीची मोटर न पडताही झिजते, तेव्हा ती दोन घ्या. बॅटऱ्या पूर्ण भरून ठेवू नका, सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, आणि मे महिन्यात गाडीत विसरू नका.