नवे घरकुल की जुने माळवद? मराठवाड्यात श्रमदान करू पाहणाऱ्यांसाठी

गरजू कुटुंबाच्या घरासाठी श्रमदान करायचे ठरल्यावर मंजूर घरकुलाला हातभार लावावा की राहते माळवद, म्हणजे मातीच्या धाब्याचे (सपाट छताचे) घर, दुरुस्त करावे, हा निर्णय मंडळाने हाताशी असलेले दिवस पाहून घ्यावा.

प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागासाठी १,२०,००० रुपयांचे मूळ अनुदान बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. हप्ता लांबला की काम थांबते आणि आलेले स्वयंसेवक बसून राहतात. पायाच्या वेळी मात्र माणसे हवीच असतात, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. तरीही घरकुलाला जोडून रोजगार हमीची मजुरी असेल, तर कुटुंबाच्या हजेरीला धक्का लागणार नाही अशीच कामे ग्रामरोजगार सेवकाला विचारून घ्यावीत. गरिबाची मजुरी बुडवणारे श्रमदान करू नये.

दुरुस्तीचे मोल किल्लारीने दाखवून दिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात हजारो माणसे गेली, त्याचे एक मोठे कारण घरांच्या बांधणीत होते: दगडी भिंतीची दोन अंगे वेगळी रचलेली, मध्ये चिपा आणि माती, आणि वर, गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे थर चढवून जड झालेले धाबे. त्यानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले, पण त्याहून कितीतरी अधिक घरे जागेवरच दुरुस्त आणि मजबूत करण्यात आली. धाब्यावरची जादा माती पाट्यांनी उतरवणे हे काम स्वयंसेवकांना सहज जमते. भिंतीत ठरावीक अंतरावर एकेक भोक पाडून दोन्ही अंगांना धरून ठेवणारा लांब दगड बसवणे हे मात्र गवंड्याचेच काम आहे.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साधारण पाडव्याच्या सुमारास परततात, त्यामुळे घरमालक हजर असताना दुरुस्ती करायला तेव्हापासून मृगापर्यंतचा काळ सोयीचा ठरतो. त्या दिवसांत पाणीटंचाई असते. नव्या बांधकामावर रोज पाणी मारणे तेव्हा कुटुंबाला जड जाते, तर धाबे हलके करायला पाणी लागतच नाही.

म्हणून राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासारखा थोडा वेळ असेल, तर माझा कौल दुरुस्तीला आहे. गावातच राहणाऱ्या, महिनोन्‌महिने येऊ शकणाऱ्या मंडळाने घरकुल हाती घ्यावे. पण भिंतीला पोट सुटले असेल किंवा कोपरे फाटले असतील, तर अभियंत्याने पाहिल्याशिवाय कोणालाही धाब्यावर चढू देऊ नये, आणि आधी त्या कुटुंबाचे नाव घरकुलाच्या यादीत आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन पाहावे.