घरचा नॅस बाहेरून उघडत नाही: पोर्ट फॉरवर्डिंग, क्विककनेक्ट की टेलस्केल?

नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फाइल्स साठवणारा डबा. तो बाहेरून उघडत नसेल तर राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) आणि ‘माझा आयपी’ दाखवणाऱ्या साइटवरचा आकडा आधी ताडून पाहा. वॅन आयपी 100.64 ते 100.127 या पट्ट्यात असेल तर तुम्ही सीजी-नॅटमागे आहात, म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. मग पोर्ट फॉरवर्डिंगचे (बाहेरून आलेली विनंती राउटरने नॅसकडे धाडण्याचे) नियम कितीदाही लिहा, बाहेरची विनंती तुमच्या राउटरपर्यंत येतच नाही. बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारं डीडीएनएसही तिथे निकामी. 192.168 ने सुरू होणारा आकडा बहुधा दोन राउटर एकामागे एक असल्याची खूण. इंटरनेट कंपनीचा राउटर ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त जोडणी पुढे देईल. चाचणी मात्र मोबाइल डेटावरून घ्या. घरच्या वायफायवर स्वतःचाच पब्लिक पत्ता अनेक राउटर उघडू देत नाहीत.

पब्लिक आयपी असेल तर पोर्ट फॉरवर्डिंग सगळ्यात वेगवान, पण सिनॉलॉजी कंपनीच्या नॅसचा लॉगिन पानाचा पोर्ट 5001 उघडा टाकणं म्हणजे दाराला कडी न लावणं. 2022 मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस गाठून फाइल्स कुलूपबंद केल्या होत्या. एसएमबीचा (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा) पोर्ट 445 तर कधीच नको. उघडायचाच तर वायरगार्ड या व्हीपीएनचा (घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित बोगद्याचा) यूडीपी पोर्ट 51820. चावी जुळली नाही तर तो उत्तरच देत नाही. एक मेख: ऑफिसचं नेटवर्कही 192.168.1 चंच असेल तर नॅसकडे जाणारे पॅकेट तिथेच घुटमळतात. घरचं नेटवर्क 192.168.57 करून टाका.

क्विककनेक्ट ही सिनॉलॉजीची सेवा सीजी-नॅटमागेही चालते, राउटरला हात लावावा लागत नाही. थेट वाट सापडली नाही की सगळं रिलेवरून (मधल्या सर्व्हरवरून) जातं आणि रांगतं. विंडोजमध्ये नेटवर्क ड्राइव्ह जोडता येत नाही. आईबाबांना फोनवर फोटो बघायचेत, एवढ्यापुरतं उत्तम.

बाकीच्यांनी टेलस्केल घ्यावं, म्हणजे वायरगार्डवरच चालणारं, पोर्ट न उघडता उपकरणं जोडणारं व्हीपीएन. सिनॉलॉजीच्या डीएसएम 7 या प्रणालीच्या पॅकेज सेंटरमधून टाका, फोन-लॅपटॉपवर त्याच खात्याने लॉगिन करा, नॅसला मिळालेला पत्ता वापरा. (तोही 100 नेच सुरू होतो, सीजी-नॅटशी गल्लत नको.) नेटवर्क ड्राइव्हही जोडता येतो. संथ वाटलं तर लॅपटॉपवर ‘टेलस्केल पिंग’ चालवा: उत्तरात ‘डर्प’ आलं की रिले, बहुतेकदा यूडीपी अडवणाऱ्या ऑफिसच्या वायफायमुळे. आणि महिनोन्‌महिने सुरळीत चालून नॅस एके दिवशी गायब झाला, तर टेलस्केलच्या लॉगिन चावीची 180 दिवसांची मुदत संपली असणार. अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये नॅससमोरच्या तीन टिंबांवर जाऊन ‘की एक्सपायरी’ बंद करा. हे पहिल्याच दिवशी करा; नंतर नॅसवर पुन्हा लॉगिन करायला घरी कुणीतरी असावं लागू शकतं.