अक्षाभोवती मोमेंट: लंब अंतर की डिटरमिनंट?

भाचीने विचारलं, मामा पेपरात अक्षाभोवतीचा मोमेंट, म्हणजे फोर्सचा फिरवण्याचा परिणाम, काढायला कुठली मेथड वापरू? अगं, झेड अक्ष असेल तर लंब अंतरच बरं, म्हणजे फोर्स गुणिले अक्षापासूनचं लंब अंतर. समज फोर्स एक्स, वाय, झेड दिशेला 40, 30, 50 न्यूटन आणि बिंदू एक्स 0.3, वाय 0.4 मीटरवर, तर 50 वाला अक्षाला समांतर म्हणून त्याचा मोमेंट शून्य, उरलं 0.3×30 वजा 0.4×40, म्हणजे −7 न्यूटन-मीटर, झालं! फक्त कोण कुठल्या दिशेला फिरवतो ते नीट बघ, चिन्ह तिथंच चुकतं.

अक्ष तिरका असला की मात्र लंब अंतर शोधताना जीव जातो. डिटरमिनंटमध्ये (अक्षाची दिशा, अक्षावरच्या बिंदूपासून फोर्सच्या बिंदूपर्यंतचा व्हेक्टर आणि फोर्स अशा तीन ओळी मांडून) लिहिणं जास्त, पण अक्षावरचा कुठलाही बिंदू चालतो, चिन्हही आपोआप येतं. अक्षाचा व्हेक्टर युनिट कर हं, म्हणजे त्याची लांबी 1 कर, 3, 4, 0 ला 5 ने भागलं नाहीस तर उत्तर पाचपट येईल.

थोडक्यात एक्स, वाय, झेडला समांतर अक्ष असेल तर पहिली, तिरक्याला डिटरमिनंटच.