पवनेकाठच्या तंबूपायी गेलेले 21,600 रुपये

मे महिन्यात सोलापूरच्या घरात दुपारी बसवत नाही. तळ्याकाठी तंबूत राहायचं, असं पोरांनी महिनाभर लावून धरलं होतं. उजनी धरण जवळ, पण उन्हाळ्यात पाणी पार आत सरकतं आणि काठाला भेगाळलेला गाळ उरतो. म्हणून मावळातलं पवना धरण ठरलं. आमचं आणि जाऊबाईंचं मिळून नऊ माणसं.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. पिवळे तंबू, मागे तिकोना किल्ला, पुढ्यात पाणी. माणशी 1,200 रुपये, रात्रीचं जेवण आणि सकाळचे पोहे त्यातच. फोनवरचा माणूस म्हणाला, "ताई, लहान मुलं आहेत ना सोबत? मग पाण्यापासून जरा लांबचे तंबू देतो." या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. लबाड माणूस पोरांची काळजी कशाला करेल, असं वाटलं.

निम्मे, म्हणजे 5,400 रुपये पाठवताना स्क्रीनवर कॅम्पचं नाव आलं नाही, कुणा भलत्याच माणसाचं आलं. "मॅनेजरचं खातं आहे," म्हणाला. इथंच थांबायला हवं होतं. दोन दिवसांनी "शनिवारची गर्दी आहे, पूर्ण भरले तरच तंबू पक्के" म्हणून उरलेलेही घेतले.

पहाटे चारला क्रूझर निघाली. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, पोरांच्या बॅटऱ्या. दुपारी त्याच्या लोकेशनवर पोचलो, तर रिकामा माळ. फोन आधी वाजत राहिला, मग बंद. पलीकडच्या कॅम्पच्या मालकांना फोटो दाखवले. ते म्हणाले, "हे तंबू माझेच आहेत, ताई. फोटो चोरलेत. या महिन्यात असे आलेले तुम्ही चौथे." त्या भल्या माणसानं निम्म्या दरात दोन तंबू दिले.

संध्याकाळी त्याच भामट्याचा फोन आला. "डबल बुकिंग झालं, माफ करा. पैसे परत करतो, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करा." मी दमलेली, धाकटी रडून झोपलेली. स्कॅन केलं, पिन टाकला. 10,800 परत यायचे, ते आणखी 10,800 गेले.

पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. हे मला ठाऊक होतं, तरी त्या घडीला डोक्यात आलं नाही.

त्याहून मोठी चूक पुढची. सासऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून दोन दिवस गप्प बसले. 1930 या सायबर हेल्पलाइनला तिसऱ्या दिवशी फोन केला. त्यांनी व्यवहाराची वेळ, बँक आणि 12 आकडी यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, विचारला, तक्रार नोंदवली. पण तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. लगेच कळवलं तर रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता असते. मी ती घालवली.

आता कुणी विचारलं तर एवढंच सांगते, पैसे पाठवायच्या आधी व्हिडिओ कॉल करून तंबू आणि पाणी तिथल्या तिथं दाखवायला सांगा. खरा मालक फोन फिरवून दाखवतो. भामटा "रेंज नाही" म्हणतो, मलाही तेच म्हणाला होता.

ते पान अजून चालू आहे, नाव तेवढं बदललंय. फोटोत तोच पिवळा तंबू आणि त्याच्या दोरीवर वाळत घातलेला तोच लाल टॉवेल. शाळा उघडायला अजून तीन आठवडे आहेत, तोवर कुणीतरी पैसे भरेल, म्हणून हे आजच लिहितेय.