समोरची काच बदलून आठ महिने झाले: कराड-चिपळूण फेऱ्यांनंतरचा अनुभव

माझं सासर कराड, माहेर चिपळूण. आई आता एकटीच असते, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट उतरावा लागतो. गाडी २०१९च्या ऑगस्टमध्ये घेतलेली पेट्रोल वॅगनआर. या फेब्रुवारीत तिची समोरची काच बदलली. मधे एक अख्खा पावसाळा गेला, तेव्हा आता काय चांगलं झालं आणि कुठे चुकलं हे खात्रीने सांगता येईल.

सुरुवात डिसेंबरात झाली. पाटण सोडून कोयनानगरकडे निघाले होते. पुढे खडी भरलेला डंपर, वर ताडपत्री नाही. काचेवर खाडकन आवाज झाला आणि डाव्या बाजूला, वायपरच्या वीतभर वर, ज्वारीच्या दाण्याएवढा टवका उडाला. हेळवाकला थांबून बोट फिरवून बघितलं. बाहेरून खरखरीत लागत होतं, आतून मात्र काच अगदी गुळगुळीत. समोरची काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पातळ पडदा. दगड लागला की बहुतेक वेळा बाहेरचीच काच दुखावते, आणि फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. बाजूच्या काचा टफन्ड असतात, त्या फुटल्या की साखरेच्या खड्यांसारखा चुरा होतो.

एवढ्याशा टवक्याने काय होतंय, असं म्हणून मी तीन आठवडे काहीच केलं नाही. ही माझी चूक, आणि ती महागात पडली. जानेवारीत एका पहाटे आईला दवाखान्यात न्यायचं होतं म्हणून साडेपाचला कराडहून निघाले. थंडी कडाक्याची, काचेवर धुकं धरलेलं. मी हीटर पूर्ण गरम करून वारा काचेवर सोडला. दोन मिनिटांत 'टिक्' असा बारीक आवाज आला आणि त्या टवक्यातून एक रेष निघाली. माझ्या डोळ्यांदेखत ती वाकडी होत उजवीकडे सरकत गेली आणि खालच्या कडेला जाऊन टेकली. आतून काच तापत होती, बाहेरून गारठलेली होती, आणि तो ताण सगळा त्या दुखऱ्या जागेवर आला. उन्हात तापलेल्या काचेवर एकदम फुल्ल एसी सोडला तरी असंच होतं. टवका बुजवायला पाचशे-सातशे रुपये लागले असते. तडा कडेपर्यंत गेल्यावर दुरुस्तीचा प्रश्नच उरला नाही.

आता विम्याचं. यावर मी दोन संध्याकाळी कागद घेऊन बसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. काचेच्या भागांवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाल्याची कपात, कापला जात नाही, ही चांगली गोष्ट. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला क्लेममागे १,००० रुपये आपल्या खिशातून सक्तीने जातात. मला दिलेलं कोटेशन सगळं धरून ६,८०० रुपयांचं होतं, म्हणजे क्लेम केला असता तर ५,८०० मिळाले असते. पण पाच वर्षं एकही क्लेम नसल्यामुळे माझा नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सवलत, ५० टक्क्यांवर पोचला होता. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि मग २०, २५, ३५, ४५ असा परत चढत जातो. म्हणजे पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्के सवलत गमावायची, एकूण १२५ टक्के. माझ्या पॉलिसीत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता बोनस वजा करण्याआधी ५,६०० रुपये होता. त्याच्या १२५ टक्के म्हणजे ७,०००. गाडीची किंमत दरवर्षी घटते तसा हप्ताही थोडा घटतो, पण मग फायदा असा काहीच उरत नव्हता. मी पैसे स्वतः भरले. तुमच्या पॉलिसीत बोनस सांभाळणारं ॲड-ऑन असेल किंवा गाडी मोठी आणि काच महाग असेल, तर गणित उलटं येईल. पण फोन करून क्लेम नोंदवायच्या आधी हा हिशेब एकदा मांडाच.

साताऱ्यातल्या एका काचेच्या दुकानात काम केलं. दुकानदाराने आधी एक बरीच स्वस्त काच दाखवली होती. तिच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, आयएसआयची खूणही नव्हती. मी नको म्हटलं. दीड हजार वाचवायला असली काच डोळ्यांसमोर लावायची माझी तयारी नव्हती. घेतली ती काच सेंट-गोबेन सेक्युरिटची. कोपऱ्यात खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि 'लॅमिनेटेड' हा शब्द, सगळं बसवायच्या आधी वाचून घेतलं.

काम मी उभं राहून बघितलं. मिस्त्रींनी आधी वायपर आणि त्याखालची जाळी काढली. मग काच पत्र्याला चिकटवणाऱ्या जुन्या सिलंटमधून एक बारीक तार आत ओढली, एक माणूस आत, एक बाहेर, आणि करवत चालवावी तशी ती तार कडेकडेने फिरवत नेली. काच सुटल्यावर पत्र्यावरचं जुनं काळं सिलंट त्यांनी पातळ थर ठेवून तासलं. पत्रा जिथे उघडा पडला तिथे प्रायमर, म्हणजे सिलंट पक्कं धरावं म्हणून लावायचा थर, नव्या काचेच्या कडेलाही प्रायमर. मग गनमधून सिलंटची उभी त्रिकोणी वळी, एकदाही न तोडता. काच दोन सक्शनच्या मुठींनी उचलून अलगद टेकवली आणि वर टेप मारला.

"ताई, आता दोन तास गाडी हलवायची नाही," मिस्त्री म्हणाले. "आणि आज-उद्या सगळ्या काचा बोटभर उघड्या ठेवा. दार जोरात लावलं की आतली हवा नव्या काचेला ढकलते."

"दोन तास? मला चारपर्यंत घरी पोचायचंय."

"मग उद्या या. डावीकडची एअरबॅग फुटते तेव्हा ती या काचेवर आपटून माणसाकडे वळते. सिलंट ओलं असेल तर काचच बाहेर जाईल. घाईत देणार नाही."

त्यांच्या या एका वाक्यासाठी मी त्या दुकानाला अर्धे गुण आधीच देऊन टाकले. काचेला 'वारा अडवायची वस्तू' समजणारे आपण सगळेच, पण छताचा भारही ती थोडाफार पेलते आणि ते सगळं त्या काळ्या चिकट वळीवर अवलंबून असतं.

येताना तासवडे टोलनाक्यावर दुप्पट टोल भरला, कारण फास्टॅग जुन्या काचेबरोबर गेला होता. तो सोलून परत लावता येत नाही. काच बदलायची तारीख ठरली की त्याच दिवशी बँकेकडे नवा टॅग मागवा. शिल्लक खात्यात राहते, ती बुडत नाही. २०१९च्या एप्रिलनंतरच्या पेट्रोल गाडीला आतून लावलेलं निळसर नोंदणी स्टिकरही असतं. तेही काचेबरोबर जातं आणि डीलरकडून नवं घ्यावं लागतं. दुकानात याबद्दल कोणीच बोललं नाही, ही त्यांची उणीव.

वापराचं म्हणाल तर पहिल्याच रात्री फरक जाणवला. जुन्या काचेवर साडेपाच वर्षांच्या वायपरचे बारीक ओरखडे होते. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा त्यावर पडला की सगळी काच पांढरी व्हायची. मला वाटायचं माझा चश्म्याचा नंबर वाढलाय. नव्या काचेतून घाटातलं वळण रात्रीही स्वच्छ दिसतं. वायपरचे ब्लेड त्याच दिवशी बदलले, जुने ठेवले असते तर नव्या काचेवर पुन्हा तेच ओरखडे उठले असते.

मग मे महिना आला. यंदा पाऊस मे मध्येच सुरू झाला, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सरीनंतर डावीकडच्या पायातली मॅट ओली लागली. आधी मला एसीचं पाणी वाटलं. मग डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला टिश्यू पेपर खोचून ठेवला आणि ह्यांना बाहेरून नळी धरायला सांगितली. तीन मिनिटांत कागदाचा एक कोपरा गडद झाला. खालचा डावा कोपरा गळत होता. दुकानात गेले तेव्हा आधी "दाराच्या रबरातून येत असेल" असं ऐकवलं. मी ओला कागद आणि मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा त्यांनी काच सोडवली. तेवढ्या कोपऱ्यात प्रायमर नीट लागला नव्हता आणि सिलंट पत्र्याला धरलंच नव्हतं. पैसे न घेता पुन्हा बसवून दिली, पण माझा दिवस गेला आणि पत्र्यावर गंजाचा एक ठिपकाही आला होता. पावसाळ्याआधी काच बदलणाऱ्यांनी आठवड्याभरात घरीच नळी मारून बघावं, आणि बिलावर गळतीची हमी लिहून घ्यावी. माझ्या बिलावर एक वर्षाची लिहिलेली होती, म्हणून वाद वाढला नाही.

त्यानंतर जून ते सप्टेंबर कोयनेच्या पावसात बारा-तेरा फेऱ्या झाल्या. एक थेंब आत नाही, वाऱ्याची शिट्टी नाही. माझ्या भावाच्या नव्या गाडीत आरशामागे कॅमेरा आहे, लेन सोडली की इशारा देणारा. तशा गाड्यांना काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, तो खर्च आधीच विचारा.

गेल्या महिन्यात पाटणजवळ पुन्हा खडी लागली. या वेळी गाडी तिथेच बाजूला घेतली, धूळ आणि पाणी जाऊ नये म्हणून टवक्यावर पारदर्शक टेप चिकटवला, हीटर-एसी बंद ठेवून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात हजर. मिस्त्रींनी टवक्यावर एक छोटं यंत्र चिकटवलं, आतली हवा ओढून घेतली आणि रेझिनचे थेंब दाबून सोडले. आरशातून आतल्या बाजूने बघितलं तर ते चांदीसारखे चमकणारे तडे एकेक करून विझत गेले. वर यूव्हीचा दिवा धरला, ब्लेडने वरचा थर खरवडला, पॉलिश केलं. अर्धा तास, सहाशे रुपये. आता उन्हात तिरकं बघितलं तर तिथे मोहरीएवढा ठिपका दिसतो, गाडी चालवताना दिसत नाही.