डायव्हर घडी घेताना: ऑटोमॅटिक, सेलवाली की सोलर?

तालुक्याच्या ठिकाणी घडीचा सेल पाच मिनिटांत बदलून मिळतो. त्याच पाच मिनिटांत २०० मीटर पाण्याचा दाब सोसणारी डायव्हर (पाणबुड्यांची) घडी पावसात घालायच्याही लायकीची राहत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. मागचं झाकण हाताशी असेल त्या टोकदार वस्तूनं फिरवलं जातं, रबरी गॅस्केट कोरडंच किंवा पीळ पडून परत बसतं, आणि दाबाची चाचणी घेणारं यंत्र दुकानात नसतंच. म्हणून नागपूर-अमरावतीपासून लांब राहणाऱ्यानं आधी दोन गोष्टी विचाराव्यात: झाकण किती वर्षांनी उघडावं लागेल, आणि ते कोण उघडणार? अचूकता त्यानंतर.

अचूकतेचा निकाल तसाही लागलेला आहे. सेइकोनं २५ डिसेंबर १९६९ रोजी ॲस्ट्रॉन बाजारात आणली आणि क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर कंप पावणाऱ्या स्फटिकाची घडी, मनगटावर आली. आज साध्या क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि घडी महिन्याला १५-२० सेकंदांच्या आत राहते. सेइकोच्या ४आर३६ या ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं चावी भरून घेणाऱ्या) मशीनची कंपनीनं दिलेली मर्यादा दिवसाला +४५ ते −३५ सेकंद. चांगल्या नगाची चाल याहून बरीच बरी असते, पण तुलना होत नाही ती नाहीच. एक गंमत आपल्या उन्हाळ्याची. हा स्फटिक २५ अंशांच्या आसपास सगळ्यात नेमका चालतो. तापमान तिथून जितकं दूर, त्याच्या वर्गाच्या प्रमाणात तो मागे पडतो. टिनाच्या खोलीत ४५ अंशांत पडून राहिलेली क्वार्ट्झ दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे जाते. हातावर असली तर शरीर तिला थंड ठेवतं आणि हा फरक जवळपास मिटतो.

सेलवाल्यांत सगळ्यात स्वस्त आणि सर्वत्र दिसणारी कॅसिओची एमडीव्ही-१०६, आणि तिच्यानंतरची १०७. २०० मीटर, स्क्रूची चावी (बाजूची फिरवायची घुंडी), स्क्रूचं झाकण, १२० टिचक्यांची एकाच दिशेनं फिरणारी बेझल (काचेभोवतीची कडी). पैशाच्या मानानं हिला तोड नाही. आत एसआर६२६एसडब्ल्यू सेल, आयुष्य साधारण तीन वर्षं. म्हणजे दर तीन वर्षांनी झाकण उघडणार, आणि खरं दुखणं तिथं आहे. दुकानात डोळ्यांसमोर तीन गोष्टी करून घ्या. एक, सेलवर ‘एसआर’ लिहिलेलं बघा. ‘एलआर’ म्हणजे अल्कलाइन. त्याचा व्होल्टेज हळूहळू उतरत जातो, आणि तो गळला की सर्किट खातो. सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर शेवटपर्यंत १.५५ व्होल्टच्या आसपास टिकतो. दोन, गॅस्केट काढून खाच पुसायची, रबर चपटं किंवा भेगाळलेलं असेल तर नवं घालायचं. तीन, त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. व्हॅसलीन नको, काही रबर त्यानं फुगतं. ग्रीसची डबी स्वतःच घेऊन गेलेलं बरं. शिवाय घडी मरेपर्यंत सेल आत ठेवू नका आणि बंद पडलेली घडी कपाटात टाकून देऊ नका. गळती बहुतेक वेळा अशाच घड्यांत सापडते.

सोलर, म्हणजे उजेडावर चार्ज होणारी क्वार्ट्झ, हा वापरासाठी आमचा पहिला कौल. सिटिझनची प्रोमास्टर बीएन०१५० आत ई१६८ मशीन घेऊन येते. पूर्ण भरली की अंधारातही सुमारे सहा महिने चालते, महिन्याला ±१५ सेकंद, आणि आत नेहमीचा सेल नसल्यानं झाकणाला वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला की समजायचं, भूक लागली. रात्रपाळीच्या विजेवर ओलित करणाऱ्याला हिच्या हिरव्या-निळ्या उजेडाचा आणि बेझलचा खरा उपयोग: वॉल फिरवला, बेझलचा त्रिकोण मिनिटकाट्यावर आणला, पुढची पाळी किती वेळानं ते मोबाइल न काढता कळतं. दोन खबरदाऱ्या. चार्ज करायला म्हणून मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ६० अंशांच्या वर आतला रिचार्ज होणारा सेल आणि रबर दोन्ही बिघडतात, आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या उन्हात काचेमागे तेवढी धग सहज होते. आणि गोदरेजच्या कपाटात वर्षभर कोंडू नका. ४४ मिलिमीटरची आहे, बारीक मनगटावर ताटलीसारखी दिसते, हेही सांगून ठेवतो.

आता ऑटोमॅटिक. संग्रह करणाऱ्याचा जीव इथंच अडकतो, आणि उगाच नाही. सेइको एसकेएक्स००७ १९९६ ते २०१९ अशी निघाली; आत ७एस२६ मशीन, २१ ज्वेल (झीज कमी करणारे खडे), तासाला २१,६०० ठोके. चावी भरता येत नाही आणि चावी ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही. बंद पडली की आडवी धरून हलक्या हातानं हलवायची, मग हातावर. ‘टर्टल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एसआरपी७७७ मध्ये ४आर३६ आहे: २४ ज्वेल, साधारण ४१ तासांचा साठा, चावीही भरते आणि सेकंदही थांबतो. रोज घालणार नसाल तर टर्टलच घ्या. दोन्हींत एक पथ्य: रात्री ९ ते पहाटे ४ या वेळेत तारीख-वार हातानं बदलू नका, त्या वेळी दाते अडकलेले असतात आणि प्लास्टिकचा भाग तुटतो. आधी काटे सहाच्या आसपास आणा, मग तारीख.

ऑटोमॅटिक अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे धावू लागली तर आधी लोहचुंबकत्वाचा संशय घ्या. डीजेचे भोंगे, मोठे स्पीकर, मोबाइलच्या कव्हरातलं चुंबक यांनी हेअरस्प्रिंगचे (चाल राखणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटतात. घडीजवळ होकायंत्र आणून सुई हलते का बघा. चुंबकत्व काढायचं छोटं यंत्र कोणत्याही बऱ्या कारागिराकडे असतं. क्वार्ट्झ अशा ठिकाणी फार तर थबकते आणि दूर नेली की पुन्हा चालू लागते.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा हात एचएमटीवर बसलेला आहे. एचएमटीचा घड्यांचा कारखाना १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्यानं सुरू झाला, त्यामुळे सिटिझनची साधी ऑटोमॅटिक त्यांना परकी वाटत नाही. सेइकोचं ७एस२६ बिघडलं तर कारागीर बहुधा अख्खं मशीन काढून एनएच३६ (४आर३६ चंच सुटं विकलं जाणारं रूप) बसवायला सांगेल. ते बसतंही चपखल, खर्चही कमी. संग्राहकानं मात्र जुनं ७एस२६ डबीत जपून ठेवावं. विकताना मूळ मशीन मागितलं जातं.

जुनी घेणार असाल तर डोळे उघडे ठेवा. सेइको ६३०९ डायव्हरच्या नावानं रंगवलेल्या डायलच्या, चार घड्यांचे भाग जोडलेल्या ‘मुंबई स्पेशल’ पुष्कळ फिरतात. झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना सांगतो. डायलच्या तळाशी बारीक छापलेला क्रमांक मशीनच्या क्रमांकानंच सुरू झाला पाहिजे. चाळीस वर्षांची घडी अंधारात नव्यासारखी झळकत असेल तर डायल नवा आहे. मोबाइलवरच्या टाइमग्राफर (टिकटिक ऐकून चाल मोजणाऱ्या) ॲपमध्ये लिफ्ट अँगल (मशीनप्रमाणे ठरलेला कोन) ५३ भरा आणि चालती ७एस२६ कानाशी धरल्यासारखी माइकजवळ ठेवा. डायल वर करून ॲम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाच्या झोक्याचा कोन) २०० अंशांच्या खाली दिसला तर सर्व्हिसिंगचा खर्च भावातून वजा करा.

जुन्या क्वार्ट्झ डायव्हरचा मोह वेगळा आणि जास्त धोक्याचा. ७५४८ ही सेइकोची १५० मीटरची क्वार्ट्झ डायव्हर देखणी आहे, पण कॉइल तुटली किंवा सर्किट गेलं तर दुसरी मेलेली ७५४८ शोधावी लागते. ऑटोमॅटिकचा झिजलेला दाता कारागीर निभावून नेईल. सर्किट कोणी घडवत नाही. विकत घेण्यापूर्वी झाकण उघडून हिरवट बुरशी बघा आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या मल्टिमीटरनं कॉइल तपासून घ्या. रीडिंग अनंत आलं की उठून या. ७सी४६ मशीनची १००० मीटरची ‘टूना’ म्हणजे क्वार्ट्झमधला पैलवान, सेल सुमारे पाच वर्षं. पण तिला मागून झाकणच नाही! सेल बदलायलाही काचेकडून उघडावी लागते, आणि ते काम जाणत्या सर्व्हिस सेंटरचंच. जिल्ह्याच्या बाहेर कुरियर करायची तयारी नसेल तर ही घेऊ नये.

झाकण कुणीही, कधीही उघडलेलं असो, घरी एक चाचणी होते. आयएसओ ६४२५ या डायव्हर घड्यांच्या मानकातही ती आहे. घडी ४०-४५ अंशांवर दहा-वीस मिनिटं तापवायची (मे महिन्यात सावलीतली खिडकीची चौकट पुरते), मग काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा. आतून धुकं दिसलं तर ओल आत आहे. तांदळाच्या डब्यात घालून काही होत नाही. क्वार्ट्झ असेल तर त्याच दिवशी सेल काढायला लावा, ऑटोमॅटिक असेल तर न घालता तशीच कारागिराकडे न्या. चाव्या, स्क्रू आणि स्प्रिंगवर गंज चढायला फार दिवस लागत नाहीत.